वेणूची खिरापत

भोंडल्याच्या समारोपाच्या कार्यक्रमाच्या यादीत सातव्या क्रमांकावर ‘वेणूची खिरापत, लघुनाटिका, वेळ बारा मिनिटं’ असं टाइप केलेलं होतं, आणि सहीसाठी उघडलेलं पेन संजीवनीच्या हातात तसंच राहिलं. समोर जिज्ञासा उभी होती. संजीवनीच्या हाताखालच्या सांस्कृतिक मंडळाची सचिव, बारा महिने घाईत असलेली पोरगी. ‘‘मॅडम, फक्त इथे साइन पाहिजे, मग मी झेरॉक्सला पळते.’’ हे सातवं काय आहे, असं संजीवनीनं विचारलं. विचारताना आवाज अगदी साधा ठेवला. ‘‘अरे मॅडम, तुम्हाला नाही माहीत? कॅम्पसची लेजंड आहे ती! एक झाडूवाली बाई होती, वेणू करके. भोंडल्याला खिरापत घेऊन आली आणि तिचं तिलाच माहीत नाही डब्यात काय आहे. सगळ्यांसमोर बोलली एक आणि निघालं दुसरंच. फुल कॉमेडी आहे, मॅडम. फर्स्ट इयरची सई करतेय वेणूचा रोल. एकदम गावठी बोलते, भारी.’’ बाहेर कुणीतरी जिज्ञासाला हाक मारली. संजीवनीनं सही केली. केली म्हणजे तिच्या हातानं केली, सत्तावीस वर्षांची सवय असलेल्या हातानं, आणि जिज्ञासा कागद ओढून घेऊन गेलीसुद्धा.

अंबरनाथ सोडून बदलापूरच्या अंगाला आलं की उजव्या हाताला दोन इमारती, एक पत्र्याचं सभागृह आणि त्यांच्यामध्ये एक मैदान, एवढंच ते विद्यापीठ. आधी ते मुलींचं कॉलेज होतं. मग मुलं आली, मग विद्यापीठ झालं आणि फाटकावरची पाटी इमारतीपेक्षा मोठी झाली. ऑक्टोबरची दुपार तापली की आनंदनगरच्या कारखान्यांकडून येणारा औषधी वास मैदानावर साचून राहायचा आणि नवीन लागलेले प्राध्यापक खिडक्या लावून घ्यायचे. संजीवनीला आता तो वास येतही नसे. आज मात्र आला. तिनं उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली आणि खुर्चीत येऊन बसली. कॅम्पसची लेजंड! त्या भोंडल्यानंतरच्या नऊ वर्षांत तिनं हे दोन शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं होतं. पेपर सोपा गेला म्हणून नाचणारा पोरगा नापास झाला की कँटीनमध्ये ‘वेणूची खिरापत झाली’ म्हणायचे. प्रोजेक्टरवर भलतीच फाइल उघडली की वर्गात मागून कुणीतरी तेच म्हणायचं. म्हणणाऱ्यांना वेणू कोण हे ठाऊकही नसायचं. एकदा तर परीक्षा विभागाच्या बैठकीत, गुणपत्रिका चुकीच्या पाकिटांतून गेल्या तेव्हा, एक वयस्कर प्राध्यापक हसत हसत म्हणाले होते, ‘‘ही तर आपली वेणूची खिरापत झाली.’’ आणि दारात चहाचा ट्रे घेऊन वेणू उभी होती. ती आत आली, एकेक कप प्रत्येकासमोर ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. संजीवनीसमोर कप ठेवल्यावर संजीवनी तिला ‘थँक यू’ म्हणाली. एरवी ती कधीच म्हणत नसे. तो थँक यू आठवला की आजही तिला स्वतःची किळस येई.

भोंडला हे इथलं जुनं खूळ. नवरात्रात रोज दुपारी चार वाजता मैदानात पाट मांडायचा, त्यावर लाकडी हत्ती ठेवायचा, भोवती मुलींनी फेर धरायचा. आसपासच्या सोसायट्यांमधल्या बायका यायच्या, बदलापूर गावातल्या यायच्या, कधी बारवीकडच्या पाड्यांवरच्याही. रोज एका विभागाची खिरापत. फेर संपला की ज्याची खिरापत त्यानं झाकलेला डबा घेऊन मधे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. लाडू? नाही. चिवडा? नाही. ओळखलं की त्यानंच झाकण उघडायचं. खेळ काय तो एवढाच, पण त्यात एक गोष्ट सगळ्यांनी धरून चाललेली असते, की डबा ज्याच्या हातात आहे त्याला आतलं माहीत असतं. तोच खरं-खोटं सांगणार. त्याचा शब्द शेवटचा. वर्षाचे बाकीचे दिवस ज्या बाईचा शब्द कुणी विचारत नव्हतं, तिला ही गोष्ट का हवीशी वाटली असेल, हे संजीवनीला फार उशिरा कळलं. त्या वर्षी वेणू केर काढता काढता तिच्या टेबलापाशी थांबली होती. पन्नाशीची बाई, नाकात मोठी चमकी, पदर कमरेला खोचलेला. ‘‘मॅडम, यंदा एक दिस माझी खिरापत ठेवाल का? आठ वर्सं हत्ती धुतंय मी. एकदा त्याला कायतरी खायला घालतंय.’’ संजीवनी मोकळेपणानं हसली होती आणि तिनं लगेच यादीत नाव लिहिलं होतं. ‘सातवी माळ, वेणूताई.’ ते लिहिताना तिला स्वतःबद्दल किती बरं वाटलं होतं!

सातव्या माळेला सकाळीच वेणूनं डबा आणून संजीवनीच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवला, कारण तिथं गारवा असे. स्टीलचा मोठा डबा, चौकड्यांच्या फडक्यानं गाठ मारून बांधलेला. दुपारी तीनला संजीवनीनं तो उघडला. का उघडला? पाहुण्या येणार होत्या म्हणून. कुलगुरूंच्या पत्नी, त्यांच्याबरोबर उल्हासनगरच्या महिला मंडळाच्या आठ-दहा जणी, रेशमी साड्यांमधल्या. विश्वस्त हरेशभाईंनी त्यांच्या चहासाठी उल्हासनगरच्याच कॅम्प दोनमधल्या मिठाईवाल्याकडून शेवबर्फीची खोकी पाठवली होती, वर चांदीचा वर्ख लावलेली. संजीवनीनं फक्त एकदा बघून घ्यावं म्हणून गाठ सोडली आणि झाकण उघडताच जळक्या केळीच्या पानाचा वास तिच्या नाकात शिरला. काकडीची पानगी. तांदळाच्या पिठात जून काकडी आणि गूळ घालून पानात थापून भाजलेली. पानं काळी पडलेली, मधूनच पिवळट, चिकट पीठ बाहेर आलेलं. ती बघताच तिला काही समजायच्या आधी तिचा हात झाकणाकडं गेला.

कारण तो वास तिच्या ओळखीचा होता. तिची आई माणगावकडची. कातकरवाडीच्या बाजूला तिच्या माहेरचं एवढंसं भातखाचर होतं. वडील अंबरनाथला कारखान्यात लागले तेव्हा आई दोन खोल्यांच्या चाळीत आली आणि भाद्रपद सरला की दर आठवड्याला पानगी करायची. सहावीत असताना संजीवनीनं ती शाळेत डब्यात नेली. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं नाक दाबून विचारलं, ‘‘काय जळलंय गं तुझ्या डब्यात?’’ बाकीच्या हसल्या. संजीवनीनं मधल्या सुट्टीत पानगी शाळेमागच्या नाल्यात टाकली, रिकामा डबा घरी नेला. आईनं विचारलं, आवडली का मैत्रिणींना? आवडली, म्हणाली ती. मग आई दर वेळी मैत्रिणींसाठी चार जास्तीच्या करून देत राहिली आणि त्या चारही नाल्यात जात राहिल्या. आई जाऊन आता चौदा वर्षं झाली. हे तिला कधी सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर ती हसली असती, एवढंच. पण त्या दुपारी केबिनमध्ये उभं राहून संजीवनीला आईची नव्हे, त्या नाक दाबणाऱ्या मुलीची आठवण झाली. ती मुलगी मोठी होऊन, रेशमी साडी नेसून, फाटकातून आत येणार आहे असंच तिला वाटलं. स्टाफरूममध्ये तसाच एक डबा होता. तिनं त्यात शेवबर्फी भरली, वेणूचं फडकं त्याला बांधलं, गाठही तशीच मारली आणि पानग्यांचा डबा टेबलाखाली मागं सरकवला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागली असतील. वेणूची लाज राखतोय आपण, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्या वेळी तिला ते खरंही वाटत होतं. वेणूला आधी सांगायचं हेही ठरलेलं होतं. पाहुण्या आहेत म्हणून आज हे, तुझ्या पानग्या आपण मागाहून स्टाफरूममध्ये खाऊ, असं. पण माइक चालेना, खुर्च्या कमी पडल्या, पाहुण्या वेळेआधी आल्या. वेळच मिळाला नाही, असं ती पुढं नऊ वर्षं स्वतःला सांगत आली. वेळ होता. वेणू पाटाभोवती रांगोळी काढत होती, केबिनच्या पायरीपासून फार तर दहा पावलांवर.

पुढचं तिला जसंच्या तसं आठवतं, आठवायचं नसलं तरी. फेर संपला. वेणू डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून मधे उभी राहिली, त्या दिवसापुरती पायांत चपला घातलेली. मुली ओरडत होत्या. शेंगदाण्याची वडी? ‘‘नाय!’’ साटोरी? ‘‘नाय!’’ मान जरा तिरकी करून, हसू दाबून, ती प्रत्येकीला नाय म्हणत होती, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे विद्यापीठाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग तिनं खूण दिली. ‘‘पानात भाजतान!’’ बारवीकडची एक मुलगी मागून किंचाळली, ‘‘काकडीची पानगी!’’ ‘‘बराब्बर!’’ वेणू म्हणाली आणि तिनं झाकण काढलं. उन्हात वर्ख चमकला. एक क्षण कुणालाच काही समजलं नाही आणि मग मैदानभर हसू फुटलं. कुलगुरूंच्या पत्नींनी माइकवर म्हटलं, ‘‘अहो वेणूताई, स्वतःचीच खिरापत विसरलात?’’ त्यावर पुन्हा हसू. वेणूनं डब्यात पाहिलं आणि मग मान वर करून तिनं एवढ्या सगळ्या बायकांमधून नेमकं संजीवनीकडं पाहिलं. संजीवनी हसत होती. सगळे हसत होते म्हणून तीही हसत होती, आणि वेणूची नजर आपल्यावर आहे हे कळूनही ते हसू तिला वेळेवर थांबवता आलं नाही. मग वेणूही हसली. ‘‘इसरले बाय मी,’’ म्हणाली. ‘‘म्हातारी झाले.’’ तिनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना शेवबर्फी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी केबिनमध्ये आली तेव्हा केर काढलेला होता आणि टेबलाखालचा डबा गेलेला होता.

त्यानंतर वेणू तीन वर्षं कामावर होती. दोघी रोज एकमेकींना भेटत होत्या आणि या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवस जातील तसं हे विरून जाईल असं संजीवनीला वाटलं होतं, आणि वेणूची नोकरीची मुदत संपून ती घरी बसली तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला सुटल्यासारखं झालं होतं. पण वेणू गेली तरी तिचं नाव मागं राहिलं आणि आता त्या नावाची नाटिका होणार होती. नाटिका बंद करणं तिच्या हातात होतं. एक फोन पुरला असता. पण का बंद करायची, असं जिज्ञासानं विचारलं असतं, आणि त्याला एकच खरं उत्तर होतं. मग तेच द्यावं. शुक्रवारी, भोंडल्याच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्याच आवारात उभं राहून सांगावं की डबा मी बदलला होता. पुढच्या मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. हे ओझं घेऊन घरी जायचं नाही, असं तिनं ठरवलं. ठरवल्यावर तिला दोन रात्री शांत झोप लागली. रविवारी सकाळी, आधी वेणूला भेटून मग सांगावं, हा शहाणपणाही तिला सुचला.

बारवी धरणाच्या रस्त्याला टमटम शेवटच्या फाट्यापर्यंत जाते. तिथून वेणूचा पाडा दहा मिनिटं चालत. हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी चालू होती. बांधावर, अंगणात, जिथं जागा तिथं पेंढ्या पसरलेल्या. वेणू अंगणात बसून पेंढ्या बांधत होती. केस सगळे पांढरे झालेले, हात मात्र तसेच भराभर चालणारे. मॅडमना बघून ती उठली, आतून पाणी आणलं, गूळ आणला, ओटीवर पोतं अंथरलं. मुलगा-सून शेतावर होते. संजीवनीनं टमटममध्ये बसून सगळं मनाशी जुळवलं होतं, कुठून सुरुवात करायची, आईच्या पानगीचं केव्हा सांगायचं. त्यातलं काहीच आठवेना. ‘‘वेणू,’’ ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी डबा मी बदलला होता.’’

‘‘हां,’’ वेणू म्हणाली आणि तिनं हातातल्या पेंढीला पीळ दिला.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘तुमच्या केबिनची चावी दोगींकडंच व्हती. एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. मी काय बदलला नव्हता.’’

संजीवनीला वाटलं ती हसेल. वेणू हसली नाही. तिनं पुढची पेंढी ओढली. मग बोलली का नाहीस, असं संजीवनीनं विचारलं. विचारता विचारताच तिला त्या प्रश्नाची लाज वाटली. वेणूनं जरा विचार केला. ‘‘तुमी बोलाल म्हनून थांबले. आज बोलतील, उद्या बोलतील. तीन वर्सं तुमच्या टेबलावरची धूल पुसली मी. एकदा तुमी बोल्ल्या थँक यू. मना वाटलं, आता बोलतील.’’ आवाजात राग नव्हता. राग असता तर संजीवनीला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते वेणूला दिसावं असंही तिला कुठंतरी वाटलं. घाईघाईनं ती सगळं बोलून गेली. शुक्रवारी आपण सगळ्यांसमोर सांगणार आहोत, नाटिका होऊ देणार नाही, आणि झालीच तर नंतर उभं राहून खरं काय ते सांगणार, तुझं नाव धुऊन काढणार. वेणूचे हात थांबले.

‘‘नाटकात वेनू कोन झालीय माहीत हाय तुमाला?’’

‘‘सई म्हणून कुणी आहे. पहिल्या वर्षाची.’’

‘‘माझी नात हाय ती. पोरीची पोर. हितंच राहतं शिकायला.’’ वेणूनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘चार महिनं तितं कोनाशी बोलत नव्हती. घरी येऊन रडायची. या नाटकात घेतलं, तवापासून हसतं. माझीच साडी मागतं, माझ्याकडनंच बोलायला शिकतं. मना इचारलं तिनं, आजी, ती वेनू तूच का गं? मी बोल्ले, नाय बाय, दुसरी व्हती एक, अंबरनाथची.’’

अंगणात कोंबडी पेंढ्यांवर चढली. वेणूनं तिला हाकललं. संजीवनी म्हणाली, मी तुझं नाव घेणार नाही. ‘‘नाव त सगल्यांनी घेऊन झालंय,’’ वेणू म्हणाली. ‘‘आता तुमी उभ्या राहून सांगाल, तवा समदी इचारतील, कुठं असतं ती वेनू, कोन हाय तिचं. सई तितंच उभी आसंल, माझी साडी नेसून. तिला कसं वाटंल? तुमी सांगून मोकल्या व्हाल, मॅडम. मना आनि तिला त्यातच ऱ्हायाचं हाय.’’ मग जरा मऊ आवाजात ती म्हणाली, ‘‘सांगायचं त तवाच सांगायचं व्हतं. तवा मी एकटीच व्हते.’’ मग दोघी यंदाच्या भाताबद्दल बोलल्या. निघताना वेणूनं तिला बांधापर्यंत सोडलं, दोन जून काकड्या पिशवीत घालून दिल्या. घरी आल्यावर त्या चार दिवस ओट्यावर पडून होत्या आणि मग कुणीतरी त्यांची कोशिंबीर केली.

शुक्रवारी पत्र्याचं सभागृह भरलं. पालक आले होते, सोसायट्यांमधल्या बायका आल्या होत्या, पोरं खिडक्यांत चढून बसली होती. संजीवनी पहिल्या रांगेत. मागं वळून पाहायचं नाही असं ठरवूनही तिनं पाहिलं. शेवटच्या रांगेत, भिंतीच्या कडेला, हिरव्या साडीत वेणू बसली होती. सातव्या क्रमांकाची नाटिका सुरू झाली. सई रंगमंचावर आली. चाल तीच. पदर खोचायची लकब तीच. नाय म्हणायच्या आधी मान तिरकी करणं, हसू दाबणं, सगळं तेच, कारण ते शिकवणारी मागं बसली होती. सभागृह पहिल्या मिनिटापासून हसत होतं. संजीवनी वाट बघत होती की आता नाटिकेत एक मॅडम येईल, चष्मा लावलेली, यादी घेऊन फिरणारी. कुणी ना कुणी तिचं काम करत असेल. डबा आला, मुलींनी ओळखायला सुरुवात केली, झाकण उघडलं, हसू फुटलं, पडदा पडला. मॅडम आल्याच नाहीत. या गोष्टीत मॅडम नव्हत्याच कधी. होती ती एक वेंधळी बाई आणि तिचा डबा. संजीवनीचा श्वास मोकळा झाला, आणि तो मोकळा झाला हे लक्षात येताच तिला इतकं वाईट वाटलं की टाळ्यांसाठी उचललेले हात तिनं मांडीवर ठेवून दिले. आजूबाजूला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागून शिट्ट्या आल्या. ‘‘सई! सई!’’ असं कुणीतरी ओरडलं आणि पडद्याच्या फटीतून त्या मुलीनं बाहेर पाहिलं. इतका आनंद संजीवनीनं किती दिवसांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

कार्यक्रम संपला तेव्हा ऊन उतरलं होतं. संजीवनी सभागृहाच्या दारात उभी राहून पाहुण्यांना निरोप देत होती. सई धावत आली, अजून तीच साडी, गालावर काजळ ओघळलेलं. मागून वेणू येत होती, नातीची दप्तराची पिशवी खांद्याला लावून. सई संजीवनीच्या पाया पडली. ‘‘मॅडम, जिज्ञासादीदी बोलली, तुम्ही त्या वेळी इथेच होतात. सांगा ना, खरी वेणू अशीच होती का?’’

वेणू दोन पावलांवर थांबली. संजीवनीनं तिच्याकडं पाहिलं. नाही म्हणावं, ती तुझ्यासारखीच हुशार होती म्हणावं, तिला आपल्या डब्यात काय आहे ते चांगलं ठाऊक होतं म्हणावं. सगळी वाक्यं तयार होती, कितीतरी वर्षं तयार होती. वेणूनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, काही मागितलं नाही. ती फक्त उभी होती.

‘‘मला आता नीट आठवत नाही गं,’’ संजीवनी म्हणाली.

सईचा चेहरा किंचित उतरला. ‘‘मॅडमना किती कामं आसतान,’’ वेणू तिला म्हणाली, ‘‘त्यांना कसं आठवंल? चल, टमटम जाईल.’’ मग तिनं संजीवनीला नमस्कार केला, पूर्वी रोज संध्याकाळी घरी जाताना करायची तसाच, आणि नातीचा हात धरून पायऱ्या उतरू लागली. मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता, तरी सईचा आवाज संजीवनीला स्पष्ट ऐकू आला. ‘‘आजी, तू पण तर इथेच होतीस ना तेव्हा? तुला आठवतं का?’’

‘‘नाय गं,’’ वेणू म्हणाली. ‘‘मी त्या दिसाला कामावर नव्हते.’’